करवतीचे म्यान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेची कार्यक्रमपत्रिका आपल्या हाती आहे. तीत संतवाङ्मय आहे, नाट्यसंगीत आहे, नर्मदापरिक्रमाही आहे. आणि या थोर मंडळींच्या पंक्तीला ‘ट्रॅक्टरवरून यांत्रिक करवत नेण्याची घरगुती रीत’ हा माझा विषय येऊन बसला आहे. छपाईत काही घोटाळा झाला काय, असे दोघातिघांनी मला दारातच विचारले. घोटाळा नाही. विषय मीच मागून घेतला. मी कला शाखेचा साधा पदवीधर. केंद्र सरकारच्या लेखा खात्यात जन्म काढलेला. यंत्रविद्येचा अधिकार मजकडे नाही, आणि शेतीही हाताने केलेली नाही. परंतु ज्या शहरात अनेक मराठी घरांची चूल दोन पिढ्या कारखान्याच्या भोंग्यावर पेटली, त्या शहरात राहून अवजारांविषयी कुतूहल वाटले नाही, तर ते नवल म्हणावे लागेल.

आपल्या जबलपूरची ख्याती संगमरवरी कड्यांसाठी आहे, धुवांधारसाठी आहे. पण मला विचाराल तर या शहराचे खरे वैशिष्ट्य निराळेच आहे. १९०४ साली येथे जो कारखाना सुरू झाला, त्याचे नाव तोफखाना नव्हे, गन कॅरेज फॅक्टरी; म्हणजे तोफेचा गाडा बनविणारा कारखाना. तोफ ओतणे ही एक विद्या आणि ती तोफ डोंगरदऱ्यांतून, चिखलातून, नदीच्या वाळूतून सुखरूप नेऊन जागेवर उभी करणारा गाडा बांधणे ही दुसरी विद्या. पहिलीचे पोवाडे होतात. दुसरीचे नावही कोणी घेत नाही. वस्तुतः पूर्वीच्या तोफा बार होताच गाड्यासकट मागे धावत, आणि पुन्हा ढकलून जागेवर आणाव्या लागत. १८९७ साली फ्रेंचांनी पंचाहत्तर मिलिमीटरची तोफ काढली, तिच्या गाड्याने तो धक्का तेल आणि हवा यांच्या साहाय्याने आपल्या पोटात जिरविला, आणि युद्धशास्त्र पालटले. सुधारणा झाली ती प्रामुख्याने गाड्यात. आपल्याकडेही उंटाच्या पाठीवर बसविलेल्या सुतरनाळा होत्या, हत्तीवरच्या गजनाळा होत्या. चालत्या जनावराच्या पाठीवर हत्यार असे बसवायचे की ते जनावरालाही इजा करणार नाही आणि चालविणाऱ्यालाही नाही, हा प्रश्न त्या कारागिरांनी आपल्या परीने सोडविला होता. माझ्या आजच्या विषयाचे कुळ इतके मोठे आहे, एवढेच मला सुचवावयाचे आहे.

आता यांत्रिक करवतीकडे वळू. पेट्रोलवर चालणारी, साखळीला दात असलेली ही करवत आता आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. पावसाळ्यात रस्त्यावर झाड आडवे झाले की पालिकेची माणसे हीच घेऊन येतात. जर्मनीतील आंद्रेआस श्टील या गृहस्थाने १९२९ साली पेट्रोलवर चालणारी करवत बाजारात आणली, ती उचलायला दोन माणसे लागत. एका माणसाला पेलेल अशी यंत्रे प्रचारात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. तिच्या दातांची कथा तर फारच मनोरंजक आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. ओंडक्याच्या बुंध्यात एक अळी डावीउजवीकडे लाकूड कुरतडत पुढे सरकताना त्याने पाहिली आणि तिच्या जबड्याच्या धर्तीवर साखळीचे दात घडविले. १९४७ पासून ती साखळी विकली जाऊ लागली. आजच्या साखळ्यांचे दात त्याच वंशातले. शेतकऱ्याच्या वापरातील यंत्राचे वजन पाच-सहा किलो. म्हणजे एखाद्या तान्ह्या मुलाएवढे. पण या मुलाला दात आहेत, आणि यंत्र बंद असतानाही ते तितकेच धारदार असतात. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात.

ती कशी विसरली जाते, याचे एक उदाहरण माझ्या घरातलेच आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागले. ताशी शंभर ते एकशेदहा किलोमीटर वेगाचा वारा, आणि तोही टाळेबंदीच्या दिवसांत. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड, दापोली या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा, आंबे, फणस अक्षरशः आडवे झाले. आपल्यापैकी कितीतरी जणांची मूळ घरे त्या भागातली. त्या आठवड्यात येथे बसून आपण नुसते फोन लावीत होतो आणि फोन लागत नव्हते. वीज तर काही गावांत कित्येक आठवडे आली नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी मोठे रस्ते मोकळे केले. परंतु वाडीतल्या पाणंदी, बागांतली वाट, गोठ्यावर पडलेला माड हे ज्याचे त्यानेच दूर करावयाचे होते. दापोली तालुक्यातील माझ्या चुलतभावाच्या वाडीने वर्गणी काढून एक यांत्रिक करवत आणली. एका घरून दुसऱ्या घरी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाई. कशी? गोणपाटात गुंडाळून, फांद्यांच्या ढिगावर टाकून.

चौथ्या की पाचव्या दिवशी उतारावर ट्रॉली हादरली, गोणपाट सुटले, करवत घसरली आणि ट्रॉलीत बसलेल्या एकोणीस वर्षांच्या गड्याच्या नडगीवर आली. यंत्र बंद होते. तरीही बारा टाके पडले. रस्ता अजून पुरता खुला नव्हता. त्या मुलाला प्रथम खांद्यावरून आणि मग मोटारसायकलवर मधे धरून दवाखान्यात न्यावे लागले. पाय वाचला. पण त्या हंगामात त्याची मजुरी बुडाली, आणि त्याची आई माझ्या भावाच्या ओटीवर येऊन बसली, काहीही न बोलता. भावाने मला हे फोनवर सांगितले, तेव्हा त्याच्या आवाजात जो अपराधीपणा होता, तो मला फार लागला. मी त्याला म्हटले, हत्यार वापरण्यात तुमचे काही चुकले नाही. हत्यार नेण्याची रीत तुमच्याकडे नव्हती, एवढेच.

आणि गंमत अशी की कोकणात ती रीत पूर्वापार आहे! माडावर चढणारा पाडेली कोयती हातात धरून चढत नाही, दातांतही धरीत नाही. त्याच्या कमरेला मागच्या बाजूस आकडी असते. तीत कोयती अडकते, धार अंगापासून दूर, मूठ उजव्या हाताला सहज सापडेल अशी. दोन्ही हात माडाला मोकळे. न्हाव्याची धोकटी घ्या. तीत वस्तऱ्याची जागा वेगळी, कात्रीची वेगळी. बैलगाडीच्या खाली वंगणाचे बांबूचे नळकांडे लोंबत असे, तेही हिंदकळून सांडू नये अशाच बेताने टांगलेले. प्रत्येक जुन्या अवजाराबरोबर त्याचे घर जन्माला आले होते. ही करवत मात्र दुकानातून आली, पुठ्ठ्याच्या खोक्यातून आली, आणि खोके फेकून दिल्यावर बेघर झाली. तिच्यासोबत प्लॅस्टिकचे एक टोपण मिळते खरे, पण ते पहिल्याच आठवड्यात कोठेतरी राहते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

मी हा प्रश्न आपल्या मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांकडे नेला. गाड्यांच्या कारखान्यात छत्तीस वर्षे फिटर म्हणून काढलेले हे गृहस्थ समोरच बसले आहेत, आणि नाव घेणार नाही अशी शपथ घेतल्यावरच त्यांनी मला या भाषणाची परवानगी दिली आहे. त्यांनी माझे सर्व म्हणणे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न केला तो असा की, ट्रॅक्टरला मागे स्प्रिंगा असतात काय? मी म्हटले, असतील. ते हसले. नसतात. मोटारीच्या चाकावर आणि सांगाड्यात कमानी असतात. ट्रॅक्टरचा मागचा आस थेट धडालाच जोडलेला, त्यामुळे नांगराची रेघ ओलांडताना जो धक्का बसतो, तो टायरने खाल्ला तेवढा खाल्ला, बाकीचा सरळ वर येतो. म्हणून ट्रॅक्टरवर दोरीने बांधलेली कोणतीही वस्तू तासाभरात सैल होणारच. त्यांचे सूत्र असे: वस्तू गाड्याबरोबर हलली तर चालेल, गाड्यात हलता कामा नये. मी लेखा खात्यात अनेक परिपत्रके वाचली, पण इतके नेमके वाक्य माझ्या वाचनात आलेले नाही.

मग त्यांनी वहीच्या कागदावर जे चित्र काढले, ते मी भ्रमणध्वनीवरून भावाला धाडले. त्याची बांधणी आता सविस्तर सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांची शेते पाटण, शहापुरा भागात आहेत आणि गावाकडेही आहेत.

सोळा इंची पात्यासाठी अठरा इंच लांबीच्या आणि साडेसहा इंच रुंदीच्या दोन फळ्या घ्याव्या. दोहोंच्या मध्ये, लांबीच्या दोन्ही कडांना, सव्वा इंच रुंद आणि अर्धा इंच जाड अशी एकेक लाकडी पट्टी बसवावी. मध्ये चार इंच रुंद, अर्धा इंच जाड अशी जी फट उरते, तिच्यात करवतीचे पाते साखळीसह वरून उतरते. यंत्राचे धड वर टेकून राहते. म्यानच ते. बोल्ट पट्ट्यांच्या मधोमध जावे, आतल्या कडेला नव्हे. कारण साखळीचा दात लाकडाला लागला तर काही बिघडत नाही, लोखंडाला लागला की त्याची धार गेलीच. खालचे टोक उघडे ठेवावे. पात्याला सतत वंगणाचे तेल लागलेले असते, त्यात भुसा चिकटतो. खाली वाट नसली तर आठ दिवसांत आत लगदा साचतो आणि पावसाचे पाणीही राहते. वरच्या कडेवर, जेथे यंत्र टेकते तेथे, जुन्या टायरचा तुकडा खिळ्यांनी ठोकावा. खिळ्यांची डोकी रबरात बुडाली पाहिजेत. आणि मागची मूठ सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने खाली ओढून आकड्यात अडकवावी. दोरी ताणत नाही, म्हणून सैल होते. रबर सतत ओढून धरते. रबर उन्हाने चिरते, हे खरे. पण पंक्चरच्या दुकानात जुनी ट्यूब हवी तेवढी मिळते.

लाकूड कोणते वापरावे, यावर आमचा थोडा वाद झाला. मी साग सुचविला. ते म्हणाले, बाभूळ. सागाला पाणी लागत नाही, बाभळीला मार लागत नाही. शेवटी कोकणात दोन्ही नव्हते. भावाने प्रथम जुन्या दाराच्या फळ्या वापरून काम भागविले. पुढल्या वर्षी मात्र, वादळात पडलेल्या आमच्या परसातल्या फणसाचे लाकूड वाळून तयार झाले होते, त्याचे कायमचे म्यान झाले. ज्या झाडाला त्या करवतीने कापले, त्याच झाडाच्या लाकडात ती आता राहते. हिरव्या लाकडाचे करू नये, हे सांगायला नको. वाळताना फळी वळते आणि फट मिटते.

आता हे म्यान ट्रॅक्टरवर कोठे बसवावे? येथे घाईने ठरवू नये. डाव्या बाजूने चालक चढतो-उतरतो, ती वाट अडवू नये. सायलेन्सरजवळ नको, कारण टाकीत पेट्रोल आहे. मागच्या उचलणीच्या दांड्यांवर पेटी बसविणारे बसवितात. पण अवजार उतरविण्याच्या नादात एखाद्या दिवशी कोणी लिव्हर खाली करतो आणि पेटीसकट करवत जमिनीशी चेपते. मागे फिरणाऱ्या दांड्याच्या आसपास लोंबणारी पट्टी तर कधीच नसावी. आमच्या फिटरसाहेबांनी उजव्या मडगार्डची मागील बाजू निवडली. मडगार्डला मुळातच जे बोल्ट असतात, तेच थोडे लांब घालून त्यांवर लोखंडी अँगल आणि अँगलवर म्यान. डोक्यावरच्या संरक्षक चौकटीला भोक पाडू नये, वेल्डिंगही करू नये, हा त्यांचा सक्त आदेश होता. ट्रॅक्टर उलटला तर चालकाचा जीव त्या चौकटीवर अवलंबून असतो. तिला पाडलेले भोक म्हणजे आपणच केलेली फट. प्रत्येक नटावर दुसरा नट. आणि म्यान बाहेर आलेले नको. रुंदीच्या बाहेर डोकावणारी वस्तू रस्त्यावर दुसऱ्याला लागते, आणि कायद्यालाही ती मान्य नाही.

इंधनाबद्दल दोन शब्द. या यंत्रात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. बहुतेक यंत्रांना पन्नासास एक, म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर. हे मिश्रण शीतपेयाच्या बाटलीत ठेवण्याची जी सर्वत्र चाल आहे, तिच्यासारखी घातक चाल दुसरी नाही. शेतावर तहानलेले मूल बाटलीचा रंग पाहत नाही. धातूचा किंवा इंधनासाठीच केलेला डबा घ्यावा, त्यावर ठळक अक्षरांत लिहावे, आणि तो करवतीच्या विरुद्ध बाजूस बांधावा. गरम यंत्रात इंधन ओतू नये. ओतल्यावर तेथेच यंत्र सुरू न करता तीन मीटर तरी दूर जावे. पाते खाली करून यंत्र उभे ठेवले की टाकीचे झाकण आडवे येते, म्हणून ते घट्ट आहे की नाही हे निघण्यापूर्वी पाहावे, आणि लांब जायचे असल्यास टाकी रिकामीच करावी. कानस, पाना, लाकडी पाचर आणि शिरस्त्राण यांची जागा ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत. शिरस्त्राण म्हटले की गावाकडे लोक हसतात. हसोत.

परदेशी असलेल्या आपल्या मंडळींकडून कळते की तिकडचे शेतकरी हे सारे आणखी लहान गाडीवर करतात. होंडा कंपनीने १९७० साली फुगीर टायरांची तीनचाकी काढली, पुढच्या दशकात तिच्या जागी चारचाकी आल्या. त्यांवर पुढेमागे लोखंडी जाळ्या असतात आणि त्या जाळ्यांना लोक लाकडी खाचा, प्लॅस्टिकच्या नळ्या, आग विझविण्याच्या जुन्या कॅनव्हास नळ्यांचे तुकडे असे काय काय बांधतात. बाजारात तयार आकडे मिळत असूनही घरी केलेलेच त्यांना पसंत पडते म्हणे. कारण उघड आहे. प्रत्येकाची वाट निराळी, उंची निराळी, आणि हात डावा की उजवा हेही निराळे.

सैन्याच्या गाड्यांनी मात्र हा प्रश्न फार पूर्वीच सोडविला. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या डाव्या कुशीला फावडे आणि कुऱ्हाड पट्ट्यांनी आवळून बसविलेली असत. अंधारात, न पाहता हात गेला तरी दांडाच हाती यावा, धार नव्हे, अशी. आपल्या शहराने देशाला दिलेली जोंगा आठवा. जबलपूरच्या इंग्रजी आद्याक्षरापासून जिचे नाव सुरू होते अशी ती गाडी १९६९ पासून १९९९ पर्यंत येथे तयार झाली. वाहन कारखानाही १९६९ चाच. या सभागृहात असे किमान दहा जण असतील, ज्यांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी असे आकडे, पट्ट्या, खाचा स्वतःच्या हाताने बसविल्या. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने सरकारी कंपन्या झाले. भोंगा बदलला नसेल, पण घरातली भाषा बदलली. आपली मुले पुण्याला, बंगळूरला संगणकापुढे बसतात, आणि त्यात वाईट काही नाही. परंतु पट्टीच्या कडेपासून बोल्ट किती आत घ्यावा हे ज्या बोटांना ठाऊक आहे, ती बोटे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडून आपण आठवणी लिहवून घेतो, सत्कार करतो. त्यांना कोणी एखादी वस्तू करून मागत नाही.

याच संदर्भात मला एका शब्दाविषयी तक्रार करावयाची आहे. अशा कामाला हल्ली ‘जुगाड’ म्हणतात, आणि मोठ्या कौतुकाने म्हणतात. हिंदीने आपल्याला पुष्कळ चांगले दिले. आपण येथे तिच्याच घरी राहतो. पण हा शब्द या कामाला लावणे मला मान्य नाही. जुगाड म्हणजे आजचा दिवस निभावणे. गोणपाटात गुंडाळलेली करवत हा जुगाड होता, आणि त्याची किंमत एका पोराच्या पायाने मोजली. म्यान ही कारागिरी आहे. घरी केले, स्वस्तात केले, जुन्या सामानातून केले, म्हणून ती कमी दर्जाची ठरत नाही. आमच्या खात्याच्या नोंदवहीत अवजाराचे नाव, संख्या, किंमत, घसारा असे सर्व रकाने आहेत. ते ठेवायचे कशात, असा रकाना नाही. निवृत्तीला तीन वर्षे आहेत, तेवढ्यात तो निघेल असेही दिसत नाही.

भावाच्या वाडीत आता अशी तीन म्याने आहेत. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ त्याच किनाऱ्यावरून गुजरातकडे गेले, तेव्हा पहिले म्यान ट्रॅक्टरवर होते. पुन्हा झाडे पडली, पुन्हा करवत घरोघर फिरली. या खेपेस कोणाला काही झाले नाही. तो मुलगा आता स्वतः ट्रॅक्टर चालवितो, आणि म्यानात करवत नसेल तर किल्ली फिरवीत नाही, असे भाऊ सांगतो.

येथील मंडळींसाठी एक सूचना. झाड आपल्या बांधावरचे असले तरी तोडण्यापूर्वी परवानगीचा नियम विचारून घ्यावा. तो राज्याराज्यांत आणि झाडाझाडांत निराळा आहे. म्यानाचा एक नमुना फिटरसाहेबांनी मंडळासाठी करून दिला आहे. तो मागे ग्रंथालयाच्या मेजावर ठेवला आहे, मापांचा कागदही सोबत आहे. त्यातले पाते लाकडी आहे, तेव्हा मुलांनी काढून-घालून पाहायला हरकत नाही. चहा त्याच मेजाशेजारी आहे.